भाऊ-भावजय वेगळे होताहेत, सात वर्षांच्या भाचीच्या ताब्याबद्दल माहिती हवी आहे

कृष्णाकाठ | ८ सप्टेंबर, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिला धागा काढतेय तो असा विषय घेऊन.

धाकटा भाऊ हिंजवडीत नोकरीला. भावजय मूळची सांगलीची, तीही आधी पुण्यातच नोकरी करायची, मुलीच्या वेळी सोडली. मे महिन्यात सुट्टीला म्हणून मुलीला घेऊन माहेरी गेली ती परत आली नाही. जूनमध्ये भाचीला तिथल्याच शाळेत दुसरीत घातलं. मारहाण, दारू, बाहेरची भानगड असलं काहीही नाही. दोघांचं पटत नाही, आणि ते आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. वेगळं व्हायला आता दोघंही तयार आहेत. अडलंय मुलीवर.

भाऊ म्हणतो तिची शाळा, मैत्रिणी, डॉक्टर सगळं पुण्यात होतं, ती माझ्याकडे हवी. भावजय म्हणते भेटायला कधीही ये, न्यायचं मात्र नाही. तो रविवारी पहाटे गाडी काढतो, सासरच्या हॉलमध्ये सगळ्यांच्या देखत लेकीशी दोन तास बोलतो आणि रात्री परत.

बापाला ताबा मिळतो का? केस पुण्यात चालेल की सांगलीत? सहमतीने घटस्फोट घेतला तर मुलीबद्दलचं सगळं त्यातच लिहून घेता येतं का?

बाजू घ्यायला आलेली नाही, भावजयीशी माझं आजही बोलणं आहे. 'बायका अशाच' किंवा 'पुरुष तसेच' छाप प्रतिसाद कृपया नकोत.

चिंटूचे_पप्पा | ८ सप्टेंबर, रात्री ११.०५

मुलगी आहे, विषय संपला. आईकडेच जाणार. वकिलाच्या घशात पैसे घालण्याआधी भावाला हे सांगा.

रानजाई | ८ सप्टेंबर, रात्री ११.१२

पाच वर्षांपर्यंत आईकडे असं ऐकलंय. त्यानंतर बापाकडे जातं ना मूल?

वकीलपत्र | ९ सप्टेंबर, सकाळी ७.३०

वरचे दोन्ही प्रतिसाद अर्धवट आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

हिंदू जोडप्यांना १९५६ चा अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) व पालकत्वाचा कायदा लागू होतो. त्याच्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप, मग आई असा क्रम आहे, आणि पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा असंही आहे. पाच पूर्ण झाली की मूल आपोआप बापाकडे जातं असं त्यात कुठेही नाही. बाप आधी या क्रमालाही १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बरीच कात्री लावली. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला पालक म्हणून स्वतःची सही केली, बँकेने वडिलांची सही मागितली, तिथून ते प्रकरण वर गेलं. बाप हयात असला तरी मुलाचं सगळं आईच पाहत असेल तर तीही नैसर्गिक पालक, असं ठरलं.

याच कायद्यातलं खरं कलम आहे ते १३. मुलाचं हित सर्वात वर, आईबापांचे हक्क त्याखाली. १८९० चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स (पालक व पाल्य) कायदा असो की हिंदू विवाह कायद्याचं कलम २६, न्यायाधीश शेवटी येतात इथेच.

आता हित कसं मोजतात? पगारावरून तर नाही. पैसा पोटगीतून एका घरातून दुसऱ्या घरात वळवता येतो, त्यामुळे 'माझं पॅकेज मोठं' हा मुद्दा कोर्टात फार चालत नाही. बघतात ते रोजचं. ताप आला तर रजा कोण काढतं, शाळेच्या डायरीत सही कोणाची, पालकसभेला कोण जातं, दुपारी शाळेतून आल्यावर दार कोण उघडतं. तुमच्या भावाला फाईल करायची असेल तर लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरच्या चिठ्ठ्या, फीच्या पावत्या, वर्गशिक्षिकेशी झालेलं बोलणं हे जमवा.

दुसरं म्हणजे वेळ. मूल जिथे रुळलं तिथून हलवायला न्यायाधीश सहसा नाखूश असतात. सांगलीची शाळा सुरू होऊन तीन महिने झाले, आणखी वर्ष गेलं की तेच तिचं घर. 'वातावरण निवळू दे, मग बघू' असं म्हणत बसलेले बाप मी पुष्कळ पाहिलेत.

केस कुठे चालेल हे अर्ज कशाखाली करता यावर आहे. घटस्फोटाचा अर्ज दोघं शेवटचे एकत्र जिथे राहिले तिथे चालतो, म्हणजे पुणे, आणि त्यातच कलम २६ खाली मुलीचा अर्ज देता येतो. बायको अर्जदार असेल तर तिला ती राहते तिथेही दाखल करता येतो, २००३ पासून. नुसता १८९० च्या कायद्याखाली गेलात तर मूल 'सामान्यतः' राहतं तिथलं कोर्ट, आणि ते पुणे की सांगली यावरच पहिल्या काही तारखा जातील. पुण्यात टाकलेली केस भावजयीने सांगलीला वर्ग करून मागितली तर बाईची गैरसोय लक्षात घेऊन ती बऱ्याचदा मिळते, हेही धरून चाला.

चिंटूचे_पप्पा | ९ सप्टेंबर, सकाळी ९.१५

थोडक्यात बाप म्हणजे एटीएम. पैसे तेवढे काढून घ्या. हेच तर म्हणत होतो.

एकटीची_शिदोरी | ९ सप्टेंबर, दुपारी १.२०

एटीएम तरी कार्ड घातल्यावर पैसे देतं. माझ्या मुलाची पोटगी मंजूर झाली तेव्हापासून थकबाकीच भरतेय. असो, धाग्याचा काश्मीर, म्हणजे भलत्याच वादाचा आखाडा, करायचा नाही.

कृष्णाकाठ, भावजय पाठवत का नाही हे तिच्या जागेवरून सांगते, कारण मीही पाठवत नव्हते. नेलेलं मूल परत आणून देतील याची खात्री नसते. आणि ही भीती मनाचे खेळ नाहीत. कोर्टाची मनाई नसेल तर बापाने स्वतःचं मूल आईकडून नेणं हे अपहरण होत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये म्हटलंय. पोलीस ठाण्यात गेलात तर 'बाई, बापच घेऊन गेलाय ना, कोर्टातून ऑर्डर आणा' एवढंच ऐकायला मिळतं. आता ह्याच्या उलट बघा. मे महिन्यात ती मुलीला घेऊन गेली तेव्हा तुमच्या भावालाही पोलिसांनी हेच सांगितलं असतं. कागद दोघांकडेही नाही, म्हणून मूल ज्याच्या हातात तो सोडत नाही.

माझ्या वेळी कोंडी फुटली ती अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतच्या तात्पुरत्या, आदेशाने. नवऱ्याने कोर्टात हमीपत्र दिलं की रविवारी संध्याकाळी सातला मूल माझ्या दारात असेल. तेव्हापासून मी पाठवायला लागले, आणि तो आणून सोडायलाही लागला. माणूस तोच होता.

शनिवारचा_बाबा | ९ सप्टेंबर, रात्री १०.५०

वरच्या प्रतिसादाला +१००. मी पलीकडच्या बाजूचा.

सुरुवातीला मला ॲक्सेस (मुलाला भेटायची मुभा) मिळाला तो कोर्टाच्याच आवारात, मुलांच्या खोलीत. बांद्र्याला मुलांसाठी वेगळा कक्ष आहे, इतर कोर्टांत एखादी खोली असते. आमच्याकडची सांगतो. दारात टेबल, त्यावर रजिस्टर. मूल किती वाजता आणलं, कोणी आणलं, किती वाजता नेलं, सह्या. आत एक प्लास्टिकची घसरगुंडी, तिची एक बाजू दोरीने बांधलेली. भिंतीला लागून बाप बसलेले, काहींबरोबर आज्याही, मांडीवर डबे. मुलगा पहिल्यांदा आला तो आईचा दुपट्टा सोडेना. मी खेळणी आणली होती, त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेवटी खिशातल्या बसच्या तिकिटांची होडी करायला बसलो तेव्हा जवळ आला. त्या खोलीत येणाऱ्या नव्या बापांना मी हेच सांगायचो, महागडं काही आणू नका, हाताला काहीतरी उद्योग ठेवा.

तिथून बाहेर, मग रात्रीचा मुक्काम, मग अर्धी सुट्टी, असं टप्प्याटप्प्याने वाढत गेलं. तुमच्या भावाने एकदम ताबा मागण्याआधी ही वाट बघावी.

आणि मुलाबद्दलच्या अटी लिहिताना कंजुषी करू नका, हे कळकळीने सांगतो. आमच्या समझोत्यात होतं, 'दिवाळीची अर्धी सुट्टी वडिलांकडे'. कुठली अर्धी? पहिल्या अर्ध्यात वसुबारस ते पाडवा सगळं येतं, दुसऱ्या अर्ध्यात उरतात किल्ल्याची माती आणि शाळेचा गृहपाठ. दोन वर्षं आम्ही ह्यावर भांडलो. मग नव्याने लिहिलं: सम वर्षी पहिला भाग बापाकडे, विषम वर्षी आईकडे, सुट्टीच्या तारखा शाळेच्या परिपत्रकाप्रमाणे, दिवस विषम आले तर मधला दिवस आईचा. मुलाला घ्यायचं कुठून, सोडायचं कुठे, गाडीत बरोबर कोण चालेल, उशीर झाला तर किती वेळ थांबायचं. वाढदिवस. गॅदरिंग आणि पालकसभेला दोघांनाही यायची मुभा. शाळेच्या ग्रुपवर दोघांचेही नंबर. आठवड्यात व्हिडिओ कॉल कुठल्या वारी, किती वाजता, आणि त्या वेळी मागे टीव्ही बंद. हसू नका, हे शेवटचंही लिहून घेतलंय.

निवृत्त_नाझर | १० सप्टेंबर, सकाळी ६.१०

छान चर्चा. काही व्यवहारातल्या गोष्टी.

कौटुंबिक न्यायालयात केस आली की आधी विवाह समुपदेशकाकडे पाठवतात. तिथे 'संसार मोडू नका' असं प्रवचन देतील ह्या भीतीने लोक तारीख चुकवतात. चुकवू नये. मुलीच्या भेटींचं तात्पुरतं वेळापत्रक कित्येकदा समुपदेशकाच्या खोलीतच ठरतं, पुढे ते रेकॉर्डवर येतं. शिवाय समुपदेशकाला घरभेटीचं, शाळेत चौकशीचं काम दिलं जाऊ शकतं, आणि त्या अहवालाला न्यायाधीश बरंच वजन देतात.

कौटुंबिक न्यायालयात वकील हक्काने लावता येत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. ती सहसा मिळते. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे हे अर्ज दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालतात. तुमच्या भावजयीला वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आपल्या बाजूने बोलताय म्हणून हे तिच्यापासून लपवू नका, पुढे कामाला येतं ते असलं वागणंच.

आदेश होऊनही मूल भेटवलं नाही तर दरखास्त (आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करावी. दारात जाऊन आरडाओरडा केला की त्याचा व्हिडिओ पुढच्या तारखेला निशाणी क्रमांकासह, म्हणजे पुरावा म्हणून, समोर येतो.

दोन_घरांची | १० सप्टेंबर, दुपारी ३.३५

मी अशाच केसमधली मुलगी. आता तिशी ओलांडली.

मला न्यायाधीशांनी चेंबरमध्ये बोलावलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. सगळे म्हणाले होते तुला विचारतील कोण हवं. त्यांनी तसलं काहीच विचारलं नाही. शाळेची बस किती वाजता येते, वेणी कोण घालतं, भूगोल कोणाबरोबर वाचतेस, रात्री जाग आली तर कोणाला हाक मारतेस, एवढंच. बाहेर आल्यावर आजी आणि काका दोघांनी मला वेगवेगळं कोपऱ्यात घेऊन 'काय सांगितलंस' म्हणून विचारलं. चेंबरमध्ये मी रडले नव्हते, तिथे रडले.

सात वर्षांच्या मुलीचं मत विचारात घेतीलच असं नाही, कायद्यात वय दिलेलं नाही, समज बघतात. पण घेवोत न घेवोत, तिला पढवू नका. 'बाबांना सांग पुण्याला नाही यायचं' किंवा 'आईला सांग मला न्यायला ये', दोन्ही. पढवलेली वाक्यं कोर्टात लगेच ओळखू येतात, आणि एकाने दुसऱ्याविरुद्ध मूल फिरवलं असं दिसलं तर ते त्याच्यावरच उलटतं. आत्या म्हणून तुम्ही इतकं करा, तिला फोन केलात तर केसबद्दल चकार शब्द काढू नका.

कृष्णाकाठ | १० सप्टेंबर, रात्री ९.००

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन_घरांची, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती रविवारी भाचीला फोनवर 'तिकडे जेवायला नीट देतात का' असं विचारत असते. आता नाही विचारणार म्हणाली.

वकीलपत्र, भावाला घटस्फोट सहमतीनेच हवा आहे. मग अर्ज लगेच करता येईल का?

वकीलपत्र | ११ सप्टेंबर, सकाळी ७.१५

लगेच नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब (सहमतीचा घटस्फोट) खाली अर्जाआधी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. त्यानंतर पहिल्या आणि दुसऱ्या तारखेत सहा महिने. हे सहा महिने माफ होऊ शकतात असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलंय, पण त्यासाठी दाखल करतानाच वेगळं राहून दीड वर्ष झालेलं लागतं, आणि पोटगी व मुलांचा ताबा खरोखर मिटलेला लागतो. म्हणजे मुलीचं आधी ठरवलंत तर घटस्फोटालाही त्याचीच मदत होते. वेगळं राहणं म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं. एका छताखाली असूनही तसं होऊ शकतं, तेव्हा मेच्या आधीचा काळ खरोखर तसा असेल तर वकिलाला सांगा. नसेल तर कागदावर घालू नका.

मधल्या काळासाठी विधी सेवा प्राधिकरणात दावापूर्व मध्यस्थी मागा. तिथे दोघांनी बसून भेटींचं वेळापत्रक करावं. ते फिसकटलं तर अर्ज आहेच. काही सहकारी 'आधी क्रूरतेची केस ठोका, दबाव येईल' असा सल्ला देतील. दबाव येतो हे खरं, पण मग पलीकडून भारतीय न्याय संहितेचं ८५ कलम (जुनं ४९८-अ, बायकोच्या छळाचा फौजदारी गुन्हा) येतं, आणि मूल राहतं दोन फायलींच्या मध्ये.

मुलीबद्दलचं सगळं समझोत्यात लिहिता येतं, लिहावंच. दोन गोष्टी मात्र ध्यानात असू द्या. ताब्याचा आदेश कधीच अखेरचा नसतो. परिस्थिती बदलली, कोणी गाव बदललं, पुन्हा लग्न केलं, मूल मोठं झालं की कलम २६ खाली तो बदलून मागता येतो. आणि आईने 'मुलीसाठी कधीही पोटगी मागणार नाही' असं लिहून दिलं तरी मुलीचा हक्क संपत नाही. एकरकमी रक्कम देऊन मोकळं व्हायची भाषा असेल तर ती बायकोच्या पोटगीपुरती ठेवा. मुलीचा खर्च वेगळा मांडा, दरवर्षीची वाढ धरून, फी आणि दवाखाना वेगळा. पोटगीच्या अर्जात दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, नोव्हेंबर २०२० च्या निकालापासून, त्यामुळे लपवाछपवीत अर्थ नाही.

पिसाईवासी | ११ सप्टेंबर, रात्री ८.२०

थोडं अवांतर. इकडे न्यू जर्सीत बरेच मराठी जण एक गोष्ट गृहीत धरतात, की मुलाला घेऊन भारतात गेलं की इथल्या कोर्टाचा आदेश आपोआप तिथे चालेल. नाही चालत. आंतरराष्ट्रीय बाल-अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही. परदेशी कोर्टाचा आदेश हा विचारात घ्यायच्या गोष्टींपैकी एक, निर्णय मुलाच्या हितावरच, असं तिकडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलंय. कोणाला त्याचा फायदा होतो, कोणाचं आयुष्य उलटं होतं.

मांडवीकाठ | ११ सप्टेंबर, रात्री ९.४५

आमच्या गोव्यात हिंदू विवाह कायदाच लागू नाही. लग्न नागरी नोंदणीचं, घटस्फोटाचा कायदा पोर्तुगीज काळातला, १९१० चा. लग्नाआधी करार केला नसेल तर मालमत्तेत दोघांचा अर्धा-अर्धा हिस्सा. त्यामुळे 'घर कोणाचं' ह्यावर मुलाला ओढण्याचे प्रकार जरा कमी होतात असं माझं मत. उगाच माहिती म्हणून.

रानजाई | १२ सप्टेंबर, सकाळी ११.००

आठवडा इकडे, आठवडा तिकडे असं नाही का करता येत? परदेशात करतात तसं.

शनिवारचा_बाबा | १२ सप्टेंबर, दुपारी १२.१०

विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली होती. कायदा झालेला नाही, पण दोघं तयार असतील तर कोर्टं तसे समझोते मान्य करतात. फक्त दोन्ही घरं एका शाळेच्या टप्प्यात हवीत. पुणे-सांगली होणार नाही. हिंजवडी-वाकड होईल.

कृष्णाकाठ | १५ सप्टेंबर, रात्री १०.१५

धागा वर आणतेय. भाऊ आणि भावजय मध्यस्थीला जायला तयार झालेत. शनिवारचा_बाबांच्या अटींची यादी मी दोघांनाही पाठवली. भावजयीने 'मागे टीव्ही बंद' हे वाचून हसण्याची खूण पाठवली आणि खाली लिहिलं, 'आणि तुमच्या आईंनी मध्ये फोन घ्यायचा नाही'. रास्त आहे.

ह्या दिवाळीचं तात्पुरतं असं ठरतंय: लक्ष्मीपूजन सांगलीत, पाडव्याला सकाळी भावाने आणायचं, भाऊबीज माझ्या मुलाबरोबर पुण्यात, शाळा उघडण्याच्या दोन दिवस आधी परत. भावजयीने हमीपत्र मागितलंय. भाऊ चिडला, मग एकटीची_शिदोरींचा प्रतिसाद वाचून गप्प झाला. देतोय.

एकच विचारायचं राहिलं. भाचीचा पासपोर्ट संपतोय. सही दोघांची लागते का?

वकीलपत्र | १६ सप्टेंबर, सकाळी ७.४०

दोघांची संमती असेल तर अर्जासोबत अनेक्शर डी हा प्रतिज्ञापनाचा नमुना. एकाची नसेल तर अर्ज करणाऱ्या पालकाने अनेक्शर सी मध्ये तसं कारणासह जाहीर करायचं असतं. तुमच्याकडे बोलणं चालू आहे तर डी च भरा, दोघांच्या सहीने. आणि समझोत्यात एक ओळ टाका, पासपोर्ट कोणाच्या कपाटात राहील आणि मुलीला देशाबाहेर नेताना दुसऱ्याची लेखी परवानगी किती दिवस आधी घ्यायची. हमीपत्राचा मसुदा वकिलाकडून तपासून घ्या, त्यात परतीची तारीख आणि वेळ दोन्ही हवं. नुसतं 'सुट्टी संपल्यावर' असं लिहू नका.